सातवी बशी

"बारीक काप गं. बदाम आहेत, सरपण नाही."

यॉर्डिसचा ऐंशीवा वाढदिवस होता आणि तिच्याच स्वयंपाकघरात उभी राहून मी तिची बोलणी खात होते. दोन वर्षांपासून तिची बोटं आखडली होती, सुरी धरवत नव्हती. जीभ मात्र तशीच होती. त्यामुळे सकाळपासून हात माझे आणि हुकूम तिचे, असं काम चाललं होतं. सहा प्रकारची बिस्किटं होऊन बश्यांमध्ये लागली होती. सातवा प्रकार म्हणजे बदामाची बोटं, तेवढी ओव्हनमध्ये जायची राहिली होती; त्यांचं पीठ मात्र ती आखडल्या हातांनी स्वतःच मळायची, कोणाला हात लावू देत नसे.

आमच्या स्वार्टफोर्स गावात कॉफीला बोलावलं की बिस्किटं सात प्रकारची हवीत. सहा ठेवली तर बाई चिकट, आठ ठेवली तर मिजासखोर. पाहुण्यानेही सातही चाखल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या आईने रेशनच्या काळात एकदा सहाच ठेवली होती, तर तिची नणंद मरेपर्यंत ते बोलून दाखवत होती.

"किती वाजता येतोय तो?" मी विचारलं.

"अकराला. फुलं घेऊन. सोबत पेपरातली फोटोवाली."

"फोटोत हसशील ना?"

"तो काय बोलतो त्यावर आहे."

तो म्हणजे स्टेलान, आमच्या नगरपालिकेचा अध्यक्ष. पक्ष आमचाच. गावात कोणाची ऐंशी भरली की अध्यक्षाने फुलं घेऊन जायचं, ही जुनी रीत. पण याच स्टेलानने ग्रॅनलीडेन बंद करायचा प्रस्ताव मांडला होता. ग्रॅनलीडेन हे नदीपलीकडचं वृद्धांचं घर, चौदा जणांचं. ते बंद झालं की चौदाही जणांची रवानगी बासष्ट किलोमीटरवरच्या शहरात होणार होती. बस मंगळवारी आणि शुक्रवारी.

त्या चौदांपैकी एक एव्हर्ट, यॉर्डिसचा नवरा. त्याला बायकोचं नाव आठवेनासं झालं होतं. ती रोज दुपारी दोनला, बर्फ असेल तर पायाने रेटायची बर्फगाडी घेऊन, पूल ओलांडून त्याच्याकडे जायची. "तू कुठली गं?" तो रोज विचारायचा. ती रोज सांगायची. मग तो तिच्या हातचं बदामाचं बोट कॉफीत बुडवून खायचा. एकोणसाठ वर्षांच्या संसारातलं एवढंच उरलं होतं, आणि ती त्यावर खूश होती.

स्टेलान वेळेवर आला. ट्यूलिपचा गुच्छ, नवा कोट, आणि मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई.

"ऐंशीची दिसत नाहीस, यॉर्डिस."

"तू दिसतोस. बस."

सातही बश्या एकदम टेबलावर मांडायची पद्धत आहे. यॉर्डिसने एकच मांडली, मधल्या खळग्यात जॅम भरलेल्या बिस्किटांची. ती संपेपर्यंत दुसरी स्वयंपाकघरातून हलणार नव्हती. स्टेलानच्या ते लक्षात आलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळ बाहीखाली सारलं.

"रात्री किती माणसं असतात ग्रॅनलीडेनमध्ये कामाला?" यॉर्डिसने विचारलं.

"आज वाढदिवस आहे, आज ते नको."

"वाढदिवस माझा आहे. मी विचारणार."

"दोन. बघ यॉर्डिस, तू आकडे पाहिलेस तर तुलाच पटेल."

"आकडा मला ठाऊक आहे. चौदा. घे, आता दुसरी बशी, ओटची."

फोटोवाली गालात हसली. भिंतीवर एक जुना फोटो होता, त्यात तिशीतली यॉर्डिस आणि तिच्याभोवती पोरांचा लोंढा. "हा कुठला?" फोटोवालीने विचारलं.

"बहात्तरचा. कारखान्यात बायका पाळ्यांनी काम करायच्या आणि पोरांना ठेवायला जागा नव्हती. नगरपालिका म्हणे विचार चालू आहे. म्हटलं, तुमच्या विचाराला सोबत देते. तीस पोरं सभेत नेऊन सोडली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. चार महिन्यांत पाळणाघर उघडलं." तिने स्टेलानकडे बोट केलं. "तो डावीकडचा, नाक वाहतंय तो, हा. त्या दिवशी अध्यक्षांच्या गालिच्यावर मुतला होता. आता त्यांच्याच खुर्चीत बसतो."

स्टेलान हसला. त्याला हसणं भाग होतं. पण तो मनापासूनही हसला असावा, कारण माणूस वाईट नव्हता. पहिली पत्रकं त्याने यॉर्डिसबरोबरच वाटली होती, सायकलवर मागे बसून. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येत होता. परक्याने दार बंद केलं तर आपण लाथ तरी मारू शकतो.

फोटोवालीला गोष्टींची गोडी लागली होती. तिने बादल्यांचं विचारलं. बादल्यांचं आमच्याकडे सगळेच विचारतात. चौऱ्याहत्तर साली कारखान्यात झाडूपोछा करणाऱ्या आम्ही अकरा जणींनी संप केला होता, तेव्हा फाटकाबाहेर बादल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसलो होतो. उणे वीस तापमान होतं. माझी बादली यॉर्डिसच्या बादलीला लागून होती, म्हणून मला हे सांगायचा हक्क आहे. आमच्या स्वतःच्या संघटनेचे पुढारी येऊन सांगून गेले, बायांनो, कामावर जा. यॉर्डिसने त्यांना बसायला बादली देऊ केली. नवव्या दिवशी मालकांनी आमच्या जागी शेजारगावाहून चार बायका आणल्या. एव्हर्ट कागदाच्या यंत्रावर होता. त्या बायकांनी पुसलेल्या जमिनीवर पाय ठेवायला त्याने नकार दिला. बूट हातात घेऊन तो दारातच उभा राहिला, एक अक्षर न बोलता, आणि त्याच्यामागे अख्खी पाळी. यंत्र थांबलं. अकराव्या दिवशी आम्ही आत गेलो, आमच्या अटींवर.

"बोलत नसे फारसा," यॉर्डिस म्हणाली. "पण उभा छान राहायचा."

पाचव्या बशीला फोटोवाली बाहेरून घराचा फोटो काढायला गेली. स्टेलानने खुर्ची पुढे ओढली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्याने मला पाहिलं आणि आवाज उतरवला, पण माझे कान शाबूत आहेत.

"यॉर्डिस, ऐक. शहरातल्या नव्या घरात एक जोडखोली आहे. तुला आणि एव्हर्टला. मी स्वतः बोलून ठेवलंय. रोज त्याच्याजवळ राहशील, बस नाही, पूल नाही. कोणाला सांगायची गरज नाही."

मला खरं विचाराल तर मला ते पटलं. घे, मी मनात म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिलीस, हे एक आपल्यासाठी घे, बाई.

यॉर्डिसने टेबलावरचे कण गोळा केले.

"आणि बाकीचे तेरा?"

"त्यांना नियमाप्रमाणे मिळेल. जिथे जागा होईल तिथे."

"मग मलाही नियमाप्रमाणे मिळू दे."

"एव्हर्टचा तरी विचार कर."

"त्याचाच करतेय. त्याला हे कळलं तर तो मला घरात घेणार नाही."

ती उठून स्वयंपाकघरात आली. दोन्ही हातांनी तिने मोरीचा कठडा धरला आणि तशीच उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने खांदा झटकला. सहावी बशी मीच बाहेर नेऊन दिली. परत आले तेव्हा ती बदामाची बोटं बशीतून डब्यात ओतत होती. अजून कोमट होती ती. वास सगळ्या घरात पसरला होता.

"काय करतेस?"

"बाजूला हो, गुनवोर."

तिने डब्याचं झाकण दाबलं, रिकामी बशी फडक्याने पुसली आणि बाहेर नेऊन स्टेलानसमोर ठेवली. फोटोवाली नुकतीच आत आली होती.

"संपली का?" स्टेलानने विचारलं.

"नाही. सातवं मिळेल, ग्रॅनलीडेन उघडं राहिलं की. तोवर माझ्याकडे सहाच."

आमच्या गावात असं कोणी कधी केलं नव्हतं. पाहुण्याला सातवं न देता उठवायचं म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखंच. स्टेलान लाल झाला. त्याला बसताही येईना आणि उठताही येईना. तेवढ्यात कॅमेऱ्याचा आवाज झाला. पेपरात गुच्छ आला नाही, बशी आली.

तो डबा दुपारी दोनला ग्रॅनलीडेनमध्ये गेला आणि चौदा जणांनी मिळून फस्त केला. त्यानंतर यॉर्डिसने बदामाची बोटं केली नाहीत.

पुढच्या आठवड्यात होल्मग्रेनच्या म्हाताऱ्याच्या अंत्यविधीच्या कॉफीला सहा प्रकार होते आणि एक बशी रिकामी. मग चर्चच्या गायकमंडळात तेच. मग बारशाला. आयुष्यात कधी मोर्चात न आलेल्या बायका, ज्यांना यॉर्डिस नेहमीच जरा जास्त आगाऊ वाटायची, त्यासुद्धा बशी पुसून मांडायला लागल्या. स्टेलानच्या आईने त्याच्याच वाढदिवसाला सहा ठेवली. "माझी पाळी येईल तेव्हा मला कुठे टाकणार आहेस?" असं तिने त्याला सगळ्यांदेखत विचारलं म्हणतात. ग्रॅनलीडेनवरच्या मतदानाच्या दिवशी सभागृहाबाहेर आम्ही दोनशे जणी उभ्या होतो, प्रत्येकीच्या हातात रिकामी बशी.

हरलो. तीन मतांनी. स्टेलानने हात वर केला तेव्हा त्याने खिडकीकडे पाहिलं नाही.

जूनमध्ये ग्रॅनलीडेनला कुलूप लागलं. एव्हर्टला शहरात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, एकट्याची, नियमाप्रमाणे. यॉर्डिस मंगळवारी आणि शुक्रवारी बसने जायची. मी बहुतेक वेळा सोबत असायचे, कारण तिला बसची पायरी चढवत नव्हती. "तू कुठली गं?" एव्हर्ट विचारायचा. मग पिशवीकडे बघायचा. "ती बदामाची आणलीस?"

"नाही."

दर खेपेला हेच. एकदा परतीच्या बसमध्ये माझं डोकं फिरलं. "त्याला काय कळतंय मतदान आणि ठराव? एक घाणा करून ने. कोणाला समजणार आहे?"

"मला," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळाने तिने रुमाल काढला. मी तिला रडताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, बादलीवर बसलो होतो तेव्हाही नाही.

मला ते सहन होईना. नोव्हेंबरात एका गुरुवारी मी माझ्या ओव्हनमध्ये बदामाची बोटं केली. बदाम बारीक कापले, अगदी तिने शिकवल्यासारखे. दुसऱ्या दिवशी पर्समध्ये लपवून नेली. यॉर्डिस खोलीच्या खिडकीशी पडदा सारखा करत होती, तेवढ्यात मी बशी एव्हर्टपुढे सरकवली आणि कॉफी ओतली.

त्याचा चेहरा उजळला. एक बोट उचलून त्याने कॉफीत बुडवलं, अर्धं तोंडात घातलं आणि सावकाश चावत राहिला. मग चावायचा थांबला.

"ही यॉर्डिसची नाहीत," तो म्हणाला.

पडदा यॉर्डिसच्या हातातच राहिला. दीड वर्षात त्याच्या तोंडी तिचं नाव आलं नव्हतं. ती वळली. बशी पाहिली, मला पाहिलं. मी खाली मान घातली.

"नाहीत," ती म्हणाली. "यॉर्डिस संपावर आहे."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

एव्हर्टने हे नीट ऐकून घेतलं. हातातल्या उरलेल्या अर्ध्या तुकड्याकडे पाहिलं.

"मग ही कोणी केली?"

मी पर्स मिटली आणि मागे सरकले. पंचेचाळीस वर्षं मी संपातल्या त्या अकरा जणींपैकी एक म्हणून मिरवलं होतं.

त्याने तो अर्धा तुकडा बशीत परत ठेवला. बशी दोन बोटांनी टेबलाच्या पार दुसऱ्या कडेपर्यंत, हात पोचेल तिथवर, सरकवली. मग नुसती काळी कॉफी प्यायला, ताठ बसून.

कप खाली ठेवल्यावर त्याची नजर समोर उभ्या असलेल्या यॉर्डिसकडे गेली.

"तू कुठली गं?"

"त्याच संपातली," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.