गाव कुठलंही, तारीख पक्की

"मॅडम, शिंगापूर म्हंजे शिंगापूर. आन बसायचं बिझनेस क्लासमधीच," दिंडोरीचे रविराज बागायतदार खुर्चीत रेलून म्हणाले. शेजारी त्यांची बायको बसली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हा थाट.

मी भाव सांगितला. बाई उठायच्या तयारीला लागल्या.

"बसा हो वहिनी. दादा, गावाचा हट्ट सोडा. तारखा सांगा, गाव मी सांगते."

"आसं कुठं आसतंय का? कुठं जायचं त्येच ठाऊक नाय, तर पाव्हण्यांना सांगायचं काय?"

"आल्यावर सांगा."

एकोणीस वर्षांची माझी विद्या ती एवढीच. शरणपूर रोडवरच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात बसून मी लोकांना स्वस्तात पुढच्या रांगेत बसवते. सगळे सिंगापूर-दुबई करत सुटतात. ज्या गावाचं नाव कोणी घेत नाही, तिकडच्या विमानात त्या रुंद खुर्च्या रिकाम्या जातात आणि निम्म्या भावात मिळतात. बागायतदारांना मी हनोईला धाडलं.

"तुम्ही किती डाव बसल्या हो त्यात?" निघताना वहिनींनी विचारलं.

"एकदाही नाही. आता पुढच्या महिन्यात बसणार आहे."

थाप नव्हती ती. मी स्वतःच्या पैशांनी कझाकस्तानातल्या अल्माटीचं तिकीट काढलं होतं. अल्माटी नकाशात कुठं आहे, तेही मी तिकीट काढल्यावर बघितलं. मला त्या गावाशी काय देणंघेणं? मला ती आडवी होणारी खुर्ची हवी होती. चार-साडेचार तास मला कोणी हाक मारणार नाही, उलट कोणीतरी वाकून विचारेल, काही हवंय का. एवढ्यासाठी मी जीव टाकला होता.

घरी बाबा आहेत. सहादू पगारे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. सहा वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. सकाळी त्यांचं सगळं आवरून मी ऑफिस गाठते. दिवसा शेजारच्या सुलामावशी बसतात, पण दिवेलागणीला त्यांना त्यांचं घर असतं. सहा वर्षांत मी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. लग्नाचं विचारू नका, विचारणाऱ्यांनीही आता नाद सोडलाय.

पुण्याचा धाकटा भाऊ अमोल चार दिवस यायला तयार झाला होता. त्याला फोन करण्याआधी ऑफिसातल्या मनालीनं मला पढवलं होतं, "राखीताई, श्रीलंकेला धम्मयात्रा आहे म्हणून सांगा. यात्रेला कोणी अडवत नाही." खरं होतं तिचं. आमच्या कॉलनीतून दरवर्षी बोधगयेला बस जाते, तेव्हा तान्ही पोरं शेजारी ठेवून बायका जातात. पण बुद्धाच्या नावानं खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. अमोलनं कुठं चाललीस विचारलं, तेव्हा मी सरळ म्हटलं, "कुठंही. स्वस्त मिळालं तिकडं." तो हसला. तिथंच मी माती खाल्ली.

बुधवारचं विमान, आणि शनिवारी त्याचा फोन आला.

"ताई, सायलीच्या भावाचा साखरपुडा निघालाय गं बुधवारी. बायकोला नाही कसं म्हणू?"

"अमोल, माझं विमान आहे बुधवारी."

"अगं, पण तुझं कुठं जायचं ते ठरलेलंच नव्हतं ना? कुठंही चालणार होतं. मग नंतर जा की."

"गाव कुठलंही चालतं रे. तारीख नाही चालत. स्वस्तातलं तिकीट आहे, बदलून मिळत नाही."

"काही काम असतं तर मी सायलीला समजावलं असतं. नुसतं फिरायला म्हटल्यावर तिला काय सांगू, तूच सांग."

काय सांगणार, कपाळ? घरातून निघायला बाईला गाव लागतं. लग्न, मयत, बाळंतपण, यात्रा. नुसतं कुठंतरी म्हणून कोणी सोडत नाही. एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवलं, आणि हे मला कळलं नव्हतं. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो काढायला समोर माणूस नव्हतं. रविवारी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या एका ब्यूरोची बाई आणून बघितली. बाबांनी परक्या हाताचं पाणीसुद्धा घेतलं नाही, ओठ मिटून भिंतीकडे बघत राहिले. संध्याकाळी मीच तिला परत पाठवलं.

रजा मंजूर होती, ती मी रद्द केली नाही. ऑफिसात बसून आपलंच विमान उडालेलं पडद्यावर बघायचं, इतकी काही मी थोर नाही.

बुधवारी दीडचं विमान. एक वाजता मी बाबांसाठी वरणभात कालवत होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा एकेक शब्द ओढत येतो.

"आज... हापिस?"

"रजा आहे, बाबा. चार दिवस."

मग त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली. तेवढ्यात सुलामावशी वाटीत कालवण घेऊन दारात आल्या. बाबांनी चांगला हात वर करून त्यांना जवळ बोलावलं.

"सुलाबाई... पोरीनं... माझ्यासाठी... रजा काढली."

सुलामावशींना अल्माटीचं सगळं माहीत होतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बाबांच्या हनुवटीवरचं वरण पुसलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच."

त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.