मुकीच्या पोटची ढगी

मामाच्या गोठ्यात साठ गायी होत्या, पण त्याचा जीव होता एकट्या ढगीवर. पांढऱ्या अंगावर काळ्या ढगांसारखे डाग आणि काळ्या कपाळावर मधोमध बदामाएवढा पांढरा ठिपका. दुधाला तिच्या जवळपास कुणी नव्हतं. तेरा वर्षांत ती एकदाही आजारी पडली नव्हती की तिने कुणाला लाथ मारली नव्हती. आता मात्र ती थकली होती. उठताना गुडघे टेकायची, आणि ते पाहिलं की मामाचा चहा गार होऊन जायचा.

भाची पशुप्रजनन केंद्रात डॉक्टर होती. एका सुट्टीच्या दिवशी ती घरी आली आणि बूट काढते न काढते तोच मामाने विषय काढला.

"मला वीस ढग्या हव्यात."

"मामा, ती गाय आहे, झेरॉक्स नव्हे."

"का? तुम्ही लोक करता ना? मी सगळं वाचलंय." मामाने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर मामी गुलाबाच्या फांद्या तिरक्या छाटून कुंड्यांत खोचत होती. "ती बघ. एका झाडाची शंभर झाडं करते. तिला कुणी विचारतं का, हे बरोबर की चूक म्हणून? मग मलाच का?"

"कारण गुलाबाच्या फांदीला दुसऱ्या गुलाबाच्या पोटात नऊ महिने राहावं लागत नाही," भाची शांतपणे म्हणाली. "आणि मामीची एखादी फांदी वाळली तर ती उपटून फेकते. गाभण गायीचं काही बिनसलं तर मी तसं करू शकत नाही."

मामी खिडकीबाहेरूनच ओरडली, "शंभर नाही, तीस! आणि त्यांतली दहा जगतात!"

मामा बधला नाही. आठवडाभर रोज फोन. शेवटी भाची तयार झाली, मात्र आपल्या अटींवर. वीस नाही, सहाच प्रयत्न. गर्भ वाढवायला पूर्वी व्यालेल्या, धडधाकट गायीच घ्यायच्या. पोटात कितीही लाखमोलाचं वासरू असो, जिवावर बेतलं तर आधी गायीला वाचवायचं. आणि फसो वा जमो, पुन्हा नाही. हे सगळं कागदावर लिहून तिने केंद्राच्या समितीपुढे ठेवलं आणि खाली मामाची सही घेतली.

"सख्ख्या मामाची सही घेतेस?" तो म्हणाला.

"सख्खा आहेस म्हणून तर. परक्याला नाही म्हणणं सोपं असतं."

ढगीच्या कानाचा नखाएवढा तुकडा काढला, तर तिने मानसुद्धा हलवली नाही. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. दुसऱ्या गायींच्या बीजांडांमधलं केंद्रक काढून तिथे ढगीच्या पेशी बसवल्या, विजेचा हलका झटका देऊन दोन्ही एकजीव केली. सूक्ष्मदर्शकापुढे बसून बसून भाचीची मान आखडली. या कामात तिचा हात धरणारं केंद्रात कुणी नव्हतं आणि हे तिलाही ठाऊक होतं. आठव्या दिवशी सहा गर्भ मामाच्याच गोठ्यातल्या सहा गायींच्या पोटात गेले.

तिघी गाभण राहिल्या. दुसऱ्या महिन्यात एकीचा गर्भ पडला, तिसऱ्या महिन्यात दुसरीचा. दुसरी दोन दिवस चाऱ्याला तोंड लावेना. मामा तिच्याजवळ बसून राहिला आणि त्या दोन दिवसांत ढगीचं नावही त्याने काढलं नाही. उरली एकटी मुकी. तपकिरी रंगाची, मध्यम दुधाची, कधीही न हंबरणारी गाय. इतकी वर्षं गोठ्यात होती, पण मामाने तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

आता मात्र तो तिच्याभोवती पिंगा घालू लागला. ओला चारा आधी तिला, पंखा तिच्या डोक्यावर. पण नववा महिना निम्मा सरला तेव्हा मुकीचं पोट पिंपासारखं फुगलं. भाचीने तपासलं. गर्भाभोवती पाणी नको तितकं साठलं होतं. मुकी धापा टाकत होती आणि बसली की तिला उठवत नव्हतं.

"अजून तीन आठवडे आहेत," मामा म्हणाला. "थोडं थांबू."

"मुकीकडे तीन आठवडे नाहीत."

"आत्ता काढलं तर वासरू जाईल."

"जाईल कदाचित. वाचवायचा पुरेपूर प्रयत्न करीन. पण थांबलो तर मुकी नक्की जाईल."

मामाने भाचीकडे पाहिलं. ती लहान असताना त्याच्याच खांद्यावर बसून गोठाभर फिरायची. आता हातमोजे घालून त्याच्यासमोर उभी होती, आणि तिच्या नजरेत विनंती नव्हती.

"कागद काढू का?" तिने विचारलं.

"कागद राहू दे," मामा म्हणाला. "मी तिचं डोकं धरतो."

टळटळीत दुपार होती. मुकी उभीच होती. कूस बधिर करून भाचीने छेद घेतला, साठलेलं पाणी हळूहळू बाहेर येऊ दिलं, मग खांद्यापर्यंत हात घालून वासराचे मागचे पाय पकडले. मामी टॉवेल घेऊन तयारच होती. ओलंचिंब, लांबडं वासरू गवतावर आलं, पण हलेना. भाचीने नाक साफ केलं, छाती चोळली, प्राणवायूचा मुखवटा धरला. मामा मुकीच्या मानेवर गाल टेकून डोळे मिटून उभा होता.

वासरू शिंकलं.

"कालवड आहे!" मामी म्हणाली.

मामाने डोळे उघडले, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. कालवडीचं कपाळ काळंकुळकुळीत होतं. डागही भलत्याच जागी.

"ही ढगी नाही."

"पेशी ढगीच्याच आहेत," भाची टाके घालता घालता म्हणाली. "पण डाग कुठे उमटायचे ते पोटात वाढताना ठरतं. मी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस."

टाके पुरे झाल्यावर मुकी वळली, कालवडीजवळ गेली आणि तिला चाटायला लागली. मग सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं: ती हंबरली. हळू, घोगऱ्या आवाजात.

महिन्याभराने कालवड तुरूतुरू पळू लागली, तेव्हा मामाने तिला ढगीसमोर नेऊन उभं केलं. ढगीने हुंगलं आणि तोंड पुन्हा चाऱ्यात घातलं. मामा इतका हसला की मामी पाहायला बाहेर आली.

संध्याकाळी त्याने भाचीला फोन केला. "त्या पेशी अजून तुझ्या फ्रीजमध्ये आहेत ना? टाकून दे."

"नक्की? अटीप्रमाणे इथे पुन्हा नाही करणार मी, पण दुसऱ्या केंद्रात नेता येतील."

"नको. सगळ्या गायी एकसारख्या झाल्या तर एकाच आजारात गोठा साफ होईल, हे तूच म्हणाली होतीस. आणि ज्या दोघींचे गर्भ गेले, त्यांच्याकडे बघताना मला अजून कसंतरी होतं. बरं, कालवडीचं नाव ठेवलंय. शिंकी."

"मामा, हे काय नाव आहे?"

"तिचं स्वतःचं आहे," मामा म्हणाला. "आणि बुधवारी ये. टाक्यांची जखम कशी भरलीय ते बघ, मुकी मला हात लावू देत नाही."