विसाव्या वाचनाचा कागद

ग्रामसभेत माईकसमोर जायची वेळ आली, तेव्हा सयाजीनं बायकोच्या हातातला कागद काढून घेतला आणि दुसरा ठेवला.

"ह्यो वाच. नळाची लाइन विहारामागच्या वस्तीला न्हाई, आपल्या मळ्याकडं न्यायचीय."

"प-प-पण तुमी..."

"लिवलंय तेवढं वाच."

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं म्हणून नवऱ्यानं अंजनाला उभं केलं, निवडून आणलं. तिच्या जिभेला कुणी विचारलं नव्हतं. घोडेगावात टाइप करून आणलेला, आता काढून घेतलेला ठराव ती पंधरा दिवस पहाटे गोठ्यात म्हशीला वाचून दाखवत होती. पहिल्यांदा अकरा ठिकाणी अडली, पाचव्यांदा सहा. विसाव्या वाचनाला जीभ सरळ चालली. म्हशीनं शेपटी हलवली, तेवढीच काय ती शाबासकी. पण ही करामत त्या एका कागदापुरती होती. कागद बदलला की पुन्हा अकरा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मागच्या ग्रामसभेत असंच झालं, आणि गाव पोट धरून हसलं होतं.

"स-स-सदर..."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. सयाजीनं डोळे वटारले. पुढं हसू, बाजूला नवरा. जायला वाट नव्हती. समोर वस्तीतली भागू बसली होती. दोन वर्षं रोज हापशावर नंबर लावणारी भागू हसत नव्हती.

अंजनानं कागद तोंडाशी धरला आणि डोळे मिटले.

"विहारामागच्या वस्तीत तीन नळकोंडाळी बांधण्यास ही सभा मंजुरी देत आहे..."

शेवटपर्यंत ती एकदाही थांबली नाही. भागूचा हात वर गेला, मग बाकीच्यांचे. ग्रामसेवक लिहू लागला. सगळे सयाजीकडं बघत होते. त्यानंही हात वर केला.

घरी आल्यावर तो कडाडला.

"दिलेलं का न्हाई वाचलंस?"

"त्यो प-पाठ नव्हता."

"बरं. इथून पुढं तुला आधी कागदच मिळायचा न्हाई. माईकवर देत जाईन."

तो बोलला तसं करणार, यात तिला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गोठ्यात गेली. हातात कागद नव्हता.

"ह्यो ठ-ठराव म-म-मला मं-मंजूर न्हाई."

तीन ठिकाणी. तिनं म्हशीपुढं वैरण टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.