एका डोळ्याची आखणी

कुंचल्याच्या टोकावर काळा थेंब जमला होता, आता पडेल, मग पडेल... समीक्षाने हात मागे घेतला. गणपतीचा उजवा डोळा झाला होता, डावा अजून कोरा. एकदा आखणी सुरू केली की दोन्ही डोळे एका बैठकीत, एकाच हाताने पुरे करायचे आणि तोवर आखणाऱ्याला कुणी हाक मारायची नाही, हा जोह्यातल्या त्यांच्या कारखान्याचा रिवाज. बाबासुद्धा दारातून मुकाट परत फिरायचे. पण तिच्या होणाऱ्या सासूबाई, अनिताबाई, पडल्या रोह्याच्या, त्यांना हे कोण सांगणार? एसटीतून उतरल्या, पोह्यांची पिशवी रंगाच्या डब्यांशेजारी टेकवली आणि बोलायलाच लागल्या.

"तीन वर्षांचा तर प्रश्न हाय गो. तिकडच्या एका बाईशी कागदावरचं लगीन. अक्षयच्या हातात तिकडचा पासपोर्ट आला की सोडचिठ्ठी, न् मग तुलाच नेणार हाय तो."

तिकडचा म्हणजे पोर्तुगालचा. साखरपुडा उरकून अक्षय तिथल्या हॉटेलात कामाला गेला, तेव्हापासून तो फोनवर नागरिकत्वाचे मार्ग समजावत असे आणि ती ऐकत असे — कौतुकाने ऐकत असे, मूर्खासारखी! त्याच्या खोलीतल्या गोव्याच्या मुलांना पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आजोबांच्या दाखल्यावर पासपोर्ट मिळाला. पैसेवाले पैसा गुंतवतात. आपल्यासारख्याने राबायचं, कर भरायचा, भाषेची परीक्षा द्यायची, तर सरकारने तिथं राहायची मुदतच वाढवून ठेवली. "हे पोर्तुगीज आपल्या कोर्लईला एवढा किल्ला बांधून गेले, जाताना एखादा आजोबा तरी ठेवायचा आमच्यासाठी," म्हणून तो हसला होता. तीही हसली होती. अजून एक मार्ग आहे, असं तो मागे म्हणाला, तेव्हा तिने विचारलंसुद्धा नाही कुठला ते... त्याला सोबत म्हणून ती मोबाईलवर ती भाषा शिकत होती. पाव, पाणी, माझा नवरा — रंग कालवता कालवता पुटपुटायची. आता आठवून कान तापले. लाज कुणाला वाटायला हवी होती, आणि वाटत कुणाला होती!

आणि हे त्याने स्वतःच्या तोंडाने का सांगू नये? आईला पाठवतो, पोहे देऊन!

सगळ्यात जास्त संताप याचा, की ती थांबली असती. 'थांबते' हा शब्द आत्ताही ओठांपर्यंत आला होता. त्या परक्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या होत्या, आणि थांबायची तयारीही झाली होती. मग कसं कोण जाणे, भलताच प्रश्न बाहेर पडला.

"तिला ठाऊक हाय, कागदावरचं हाय ते?"

"तिला कशाला सांगायचं? खरं सांगितलं तर करील व्हय ती?"

"नाव काय तिचं?"

"मला काय म्हायत गो! बेकरीत हाय कुठंशी."

बेकरीत. म्हणजे हातांना पीठ लागलेलं असणार, जसा इथे रंग. तीही भट्टीपाशी उभी राहून मोबाईलवर मराठी शिकत असेल का? पाव, पाणी, माझा नवरा... आणि साखरपुड्यातला फोटो दिसला, तर अक्षय तिला काय सांगेल — बहीण? की तेही कागदावरचंच, आईच्या समाधानापुरतं? दोघींतली खरी कोण, हे ठरवायचा मक्ता याला कुणी दिला! शिव्या आता त्या बाईकडे जाईनात. वाटेतूनच वळून अक्षयकडे निघाल्या.

"मग कळवू ना त्याला, तू तयार हायस म्हणून?"

"थांबा, काकू."

साखरपुड्यापासून ती त्यांना आई म्हणत होती. अनिताबाई पिशवीचे बंद उगीचच घट्ट करू लागल्या.

कुंचल्यावरचा रंग वाळला होता. मूर्ती एका डोळ्याने बघत होती. समीक्षाने पाण्याची वाटी ओढली, कुंचला बुडवला, आणि मनात त्या बिननावाच्या बाईशी बोलायला शब्द जुळवू लागली. 'तो' आला. 'तुला' आला. पण त्या भाषेत 'फसवतो' कसं म्हणतात, तो धडा अजून आलाच नव्हता.