पऱ्हाटीचा ढीग

"सर, आमची पऱ्हाटी तुम्ही नेली तर आमची आई चूल कशावर पेटवणार?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या मेघा आणि पौर्णिमाने लावली होती. हरले असते तर आठवडाभर दोघींची दप्तरं मी वाहायची. नववीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, पण यंदा वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड कोणाला आवरत नाही.

समाजभवनात गावाची सभा भरली होती. युनिव्हर्सिटीचे दोन सर, एक शेतीचे, एक मशीनचे, तासभर समजावत होते. वेचणी झाली की कापसाची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, आम्हाला द्या. मशीनमध्ये दाबून ठोकळे करू, ते कारखान्यात कोळशाऐवजी जळतील. घरामागचे ढीग तर आधी हलवा, त्यात बोंडअळी लपून बसते. पुरुषांनी माना डोलावल्या. माझ्या बाबांनी तर उठून शब्दच दिला. बायका मागे गप्प. गॅस आमच्याकडेही आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी पऱ्हाटीवरच होते.

फुकट न्यायला आलेला माणूस एवढं गोड बोलतो, तेव्हा माझे कान टवकारतात.

मशीनच्या सरांनी शेतीच्या सरांकडे पाहिलं, शेतीच्या सरांनी छताकडे. शेवटी समाजकार्य विभागाच्या सुनीती मॅडम उठल्या.

"हे आम्ही विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "शेतकऱ्यांना विचारायचं ठरलं होतं, आणि आम्ही फक्त पुरुषांना विचारून आलो."

मग मलाच म्हणाल्या, माझ्यासोबत घरोघरी चल, बायका तुझ्याशी मोकळं बोलतील. मला वाटलं, मस्का लावून राह्यली बाई. बघते म्हटलं.

घरी बाबा फुगून बसले होते. चार लोकायत माह्या शब्दाची काय किंमत राह्यली, म्हणाले. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"पोरीनं माही गोष्ट इचारली. तुमी इचारली होती काय?"

मी मागच्या दारी ढिगाकडे गेले. अळीची गोष्ट खोटी निघावी असं मला फार वाटत होतं. ती खोटी तर सगळंच खोटं, मग बाबांचा शब्दही आपोआप सुटला असता. पऱ्हाटीला चिकटलेली, न फुटलेली बोंडं तोडून मी दगडाने ठेचत सुटले. रिकामं, रिकामं, पुन्हा रिकामं. बघा, म्हटलं, थापा. मग एका बोंडात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. नखाने सोडवल्या तर आत गुलाबी अळी, अंग आखडून झोपलेली.

गेल्या हंगामात हिनेच आमचा कापूस खाल्ला होता. आणि आम्ही तिला वर्षभर घरामागे सांभाळत होतो.

अळी तळहातावर घेऊन मी आत गेले, दोघांच्या मध्ये हात धरला.

"बाबा, ढीग देऊ. पण मशीनवाल्या सरले सांगजा, पयले ठोकळे आमच्या चुलीत जाळून दाखवा. आईची भाकर झाली तरच पऱ्हाटी, नाईतर काडी नाई. अन् रविवारपासून मी मॅडमसंगं घरोघरी जाणार. मस्का असन तर तोबी पकडतो."