मोतीरामची पाठ

महिपत आणि मोतीराम या दोन पैलवानांत पहिला कोण, हा वाद बेल्याच्या बाजारापासून पैनगंगेपलीकडच्या गावांपर्यंत चाळीस वर्षं चालला आणि तो मिटवायची अक्कल कुणालाही झाली नाही. दोघांची जोड लावली असती तर एका दुपारी निकाल लागला असता. पण मोतीराम पडला बौद्ध वस्तीतला. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत पंच त्याला नदीपलीकडचे पैलवान शोधून द्यायचे. महिपतशी त्याची जोड लावा असं कुणी म्हटलं, की लगेच सगळ्यांना ऊन कलल्याचं दिसायचं.

मग लोक इकडून तिकडून माप काढायचे. मुधोळच्या गोपालला मोतीरामने चितपट केलं होतं. त्याच गोपालशी महिपत इतका वेळ झुंजत राहिला की पंच कंटाळले आणि त्यांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. टपरीवर हा विषय निघाला की महिपतच्या घशात चहा अडकायचा. "त्या दिवशी माहा पाय मुरगळला होता," तो म्हणायचा. पाय मुरगळला होता हे खरं. गोपाल भारी पडत होता हेही खरं. आणि मोतीरामची पाठ उभ्या आयुष्यात कुणी मातीला लावली नव्हती, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दंगल सुरू होण्याआधी जुन्या काळातल्या पहिल्या पैलवानाने आखाड्यात नारळ फोडायचा, अशी गावाची रीत. आजवर तो मान महिपतच्या वस्तादांचा होता. वस्ताद पावसाळ्यात गेले. कापूस निघाला, जत्रा जवळ आली, तसा दंगल कमिटीचा रविकांत महिपतच्या ओसरीवर येऊन बसला.

"पैलवान, यंदा नारळ तुमीच फोडा. तुमीच पयले."

"आन मोतीराम?"

"तो तं खाटीवर हाये. दवाखान्यानं घरी धाडून देल्लं त्याले."

"तो खाटीवर हाये म्हून मी पयला काय?"

 रविकांत चहा पिऊन निघून गेला.

महिपतला तो नारळ हवा होता. खोटं कशाला बोला, तरुणपणापासून हवा होता. पण मोतीरामने आपल्या तोंडाने 'तू पयला' म्हटल्याशिवाय त्याला तो हातात धरवणार नव्हता. दुसऱ्याच दिवशी दुखरा गुडघा ओढत तो वस्तीत गेला. मोतीरामच्या मोठ्या मुलाने, अमरदीप मास्तरने, त्याला खुर्ची दिली. महिपतने खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. ज्या खांद्यांनी दारं अडायची, त्यांच्यावर चादर नुसती पडून होती.

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग महिपतने विचारलंच.

"खरं सांग मोतीराम. आपली जोड लागली असती तं?"

मोतीराम छताकडे पाहत हसला. जन्मभर तो महिपतला 'तुमी' म्हणत आला होता. आज म्हणाला नाही.

"आता काऊन इचारून राह्यला? तवा इचाराचं होतं."

"तवा माह्या हातात काय होतं? वस्ताद नाही म्हने, पंच नाही म्हनत."

"तू एकडाव लंगोट लावून आखाड्यात उतरला असता, आन मोतीरामले बलवा म्हनला असता, तं कोन अडोलं असतं तुले?"

 वस्ताद नाही म्हणाले तेव्हा महिपतला वाईट वाटलं होतं, पण त्याच्या आधी हायसं वाटलं होतं, आणि ते या माणसाला तेव्हापासून माहीत असावं.

"'तू पयला' म्हन, मोतीराम. गाव नारळ देऊन राह्यलं."

"म्या म्हनलं तं होशीन काय?" मोतीराम म्हणाला. "मले नाही मालूम, तुले बी नाही मालूम. आता मालूम पडत नसते." आणि त्याने डोळे मिटले.

जत्रेच्या आदल्या दिवशी मोतीराम गेला. त्यांच्या घराण्यात पुरायची रीत. भंतेजींचं त्रिशरण झालं, पांढऱ्या कपड्यातली माणसं खड्ड्याभोवती उभी राहिली. "वजनी मानूस हाये, खांदे मी धरतो," म्हणत महिपत लोक नको नको म्हणत असताना खाली उतरला. मोतीराम आता वजनी राहिला नव्हता. पायाकडे धाकटा मुलगा अनुप होता. दोघांनी देह खाली घेतला. महिपतचे तळवे मोतीरामच्या पाठीखाली होते आणि हातांच्या मागच्या बाजूला गार माती लागत होती.

अनुपने पाय ठेवले. महिपत तसाच वाकून राहिला.

"काकाजी, हात काढा," वरून अमरदीप म्हणाला.

"हात काढला तं पाठ टेकन त्याची."

 अमरदीप काठावर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "टेकू द्या, काकाजी. बाबा गेले."

महिपतने एक हात काढला. दुसरा काढायला त्याला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आखाड्यावरच्या भोंग्यातून त्याचं नाव पुकारलं जात होतं. तो ओसरीवर बसून होता. त्याची बायको देवकाबाई दोनदा आत-बाहेर करून गेली.

"बलावून राह्यले ना तुमाले. जा ना."

"लावली म्या त्याची पाठ," महिपत म्हणाला. "तो मेल्यावर लावली."

देवकाबाई त्याच्याजवळ खाली बसली. भोंगा थोडा वेळ खरखरला. मग त्यातून नारळ फोडायला मुधोळच्या गोपाल पैलवानाचं नाव आलं आणि टाळ्या वाजल्या.