फोन वेळेवरच केला होता

...बटण काजात शिरेना. आईच्या गाऊनचं वरून दुसरं बटण, आणि आई हनुवटी वर करून छताकडे बघत, शहाण्या मुलीसारखी निमूट.

"तुझा तास चुकेल," आई म्हणाली.

तिचा तास कधीच चुकला नव्हता. फौजदारी कायदा आणि नीतिशास्त्र शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली – परगावच्या विद्यापीठाने मोठ्या पदावर बोलावलं तेव्हा आईला नुकताच झटका आला होता, तिने पुढच्या वर्षी येते असं कळवलं, मग त्याच्या पुढच्या, मग बोलावणंच थांबलं...

वर्गात नेहमीचंच उदाहरण. काका मरावा असं पुतण्याला रोज वाटतं. एक दिवस काका आपल्या मरणाने मरतो. गुन्हा? नाही. नुसत्या विचाराला कायदा शिक्षा करत नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, काका तडफडत असताना त्याने डॉक्टरांना फोन वेळेवरच केला, पण कुणी उचलू नये असं त्याला वाटत होतं, तर?"

वर्ग हसला.

"ते नीतिशास्त्राच्या तासाला विचार. तोही माझ्याच गळ्यात आहे."

पुन्हा हशा. फळ्यापाशी तीही हसली बहुतेक. मागे एका दुपारी अशीच रिंग जात होती, आई पलंगावर श्वासासाठी झगडत होती, आणि मी – हो, मीच – फोन कानाला घट्ट लावून मनात म्हणत होते, नका उचलू, नका... डॉक्टरांनी उचलला. आई वाचली. लेक असावी तर अशी, शेजारी म्हणाले.

संध्याकाळी मदतनीस बाई गेल्यावर ती आईला सूप भरवायला बसली.

"आज काय शिकवलंस?" रोजचाच प्रश्न.

"नुसतं मनात आलं म्हणून कुणाला शिक्षा होत नाही."

"बरंय बाई," आई म्हणाली, "नाहीतर आपल्या दोघींना एकाच कोठडीत टाकलं असतं."

चमचा हवेतच राहिला. आई हसत होती, अर्ध्या ओठांनी – झटक्यानंतर तिला तेवढंच हसता यायचं. दोघींना... म्हणजे हिला कळलं होतं? की हिच्याही मनात... स्वतःबद्दल? माझ्याबद्दल? हेतू सिद्ध कसा करायचा हे इतक्या पोरांना शिकवलं, आणि समोरच्या दोन डोळ्यांतलं काही म्हणता काही हाती लागेना.

"अगं, निवतंय ते."

तिने चमचा पुढे केला. आईने तोंड उघडलं. इतके दिवस या घरात आपण एकट्याच कोंडलेल्या आहोत असं ती धरून चालली होती. आणि आता तिथेच, अगदी हाताच्या अंतरावर, आणखी कुणीतरी केव्हापासून तसंच दार न्याहाळत बसलेलं... याने सुटल्यासारखं वाटावं की जास्तच गुदमरावं, ते तिला कळेना. ती नुसती भरवत राहिली, आईच्या नजरेला नजर न देता, आणि तरी पहिल्यांदाच आईच्या इतक्या जवळ...